रात्रीचा पारा

गेल्या अंकात शहरातल्या रात्रीच्या उकाड्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी छोटी केली आहेत आणि विचारणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी तीस वर्षं हवामान वेधशाळेत निरीक्षक होते आणि त्यातली बरीच वर्षं पहाटेच्या पाळीत गेली. बातम्यांत कमाल तापमानाचा आकडा ठळक छापतात. माझी नजर मात्र अजूनही आधी किमान तापमानाकडे जाते. शहर स्वतःचं हवामान कसं घडवतं, ते त्या दुसऱ्या आकड्यात जास्त स्वच्छ दिसतं.

प्रश्न : ताई, आम्ही सातव्या मजल्यावर, अगदी छताखाली राहतो. दिवसा उन्हानं घर तापतं हे समजतं. पण सूर्य मावळून चार-पाच तास झाले तरी भिंती गरमच असतात. माझी बहीण शहराबाहेर शेतावर राहते, फार तर वीस किलोमीटरवर. तिला पहाटे पांघरूण लागतं. एवढ्याशा अंतरात एवढा फरक कसा?

उत्तर : तुमची गरम भिंत आणि बहिणीचं पांघरूण, दोन्ही खरं आहे. आज रात्री अकराच्या सुमाराला एक करून बघा. इमारतीच्या पश्चिमेकडच्या भिंतीपाशी जा आणि हाताची मागची बाजू भिंतीपासून चार बोटं अंतरावर धरा. भिंतीला हात लावायचा नाही. तरीही ऊब जाणवेल. मग तोच हात गवताच्या किंवा ओल्या मातीच्या एखाद्या तुकड्यावर तेवढ्याच अंतरावर धरा. तिथे काही जाणवणार नाही, उलट थोडा गारवा लागेल. भिंतीतून हातापर्यंत येणारी ती ऊब म्हणजे दुपारचं ऊन आहे. विटा, दगड आणि काँक्रीट ते दिवसभर पोटात घेतात आणि रात्री अवरक्त किरणांच्या रूपानं बाहेर टाकतात. जाड भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागलेली धग आतल्या अंगाला पोचायला कित्येक तास लागतात. म्हणून दुपारचा तडाखा तुमच्या पलंगापाशी नेमका झोपायच्या वेळी येतो.

शेतातली जमीनही दिवसा तापतेच. फरक पडतो तो संध्याकाळनंतर. शेतात उताणं झोपलात तर एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत आकाशच आकाश दिसतं. निरभ्र रात्रीचं आकाश फार थंड असतं, आणि उघडी जमीन आपली उष्णता थेट तिकडे फेकून मोकळी होते. आता दोन उंच इमारतींमधल्या बोळात उभ्या राहा आणि वर बघा. आकाशाची एक पट्टी दिसेल. एका भिंतीनं फेकलेली उष्णता समोरची भिंत झेलते, ती परत फेकते, रस्ता झेलतो. अशी ती रात्रभर खालीच फिरत राहते. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ टिम ओक यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. रस्त्यावरून आकाशाचा किती भाग दिसतो, यावरून त्या रस्त्याची रात्र किती गरम असेल याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी मोजमापं करून दाखवलं. १९७३ साली त्यांनी वस्तीचा आकार आणि हा फरक यांचा संबंधही मांडला. उत्तर अमेरिकेतल्या त्यांच्या नोंदींनुसार, जेमतेम हजार वस्तीच्या गावातही शांत, निरभ्र रात्री भोवतालच्या शिवारापेक्षा दोन-अडीच अंश जास्त उष्णता सापडू शकते. दहा लाख वस्तीच्या शहरात हाच फरक १२ अंशांच्या आसपास जाऊ शकतो. हा रोजचा आकडा नव्हे, सगळी परिस्थिती जुळून आली तर गाठला जाणारा आहे. जोराचा वारा सुटला किंवा आभाळ भरून आलं की शहर आणि शिवार यांतला फरक बराचसा पुसला जातो.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी. व्यवसायानं ते औषधी रसायनं बनवत. ढगांना आज आपण जी लॅटिन नावं वापरतो त्यांचा पाया १८०२ साली त्यांनीच घातला. शहराबाहेरच्या आपल्या नोंदी आणि शहरातल्या नोंदी शेजारी ठेवून त्यांनी लंडनच्या हवामानावर पुस्तक लिहिलं, ते १८१८ ते १८२० मध्ये छापलं गेलं. त्यांना दिसलं की रात्री शहर बाहेरच्यापेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटनं, म्हणजे दोन अंश सेल्सिअसच्या थोडं वर, गरम असतं. दिवसा मात्र ते अगदी किंचित थंड निघालं. दोनशे वर्षं झाली, आणि आजही पुष्कळ शहरांत चित्र असंच आहे. उंच इमारती दुपारी सावली देतात, जाड भिंती तापायला वेळ लावतात, आणि सगळी वसुली रात्री होते.

मी ती वसुली रोज पहाटे वाचत असे. उपकरणपेटीचं झडपांचं दार उघडलं की आत किमान तापमापी आडवा ठेवलेला असे. बोलताना आपण पारा म्हणतो, पण त्याच्या नळीत अल्कोहोल असतं आणि त्या अल्कोहोलात टाचणीएवढी एक काळी काचसळई. हवा निवत जाते तसं अल्कोहोल आकसतं, आणि त्याचं टोक सळईला मागे मागे ओढून नेतं. सूर्य वर आला की अल्कोहोल सळईच्या कडेनं पुढे निघून जातं. सळई मात्र जिथे होती तिथेच पडून राहते. रात्र सगळ्यात खाली कुठे पोचली होती याची खूण तेवढी मागे उरते. वाकून, डोळा बरोबर नळीसमोर आणून ती वाचायची, वहीत लिहायची, नळी तिरकी करून सळई पुन्हा जागेवर आणायची. आमच्या वेधशाळेभोवती मी नोकरीला लागले तेव्हा मोकळं रान होतं. ते बघता बघता इमारतींनी भरलं. त्या वर्षांत कमाल तापमानाचा स्तंभ फारसा बदललेला वाटला नाही. ती काळी सळई मात्र दर काही वर्षांनी थोडी वरच थांबायला लागली होती.

प्रश्न : मी नववीत आहे. उपग्रहानं काढलेल्या नकाशात आमच्या शहराचा मधला भाग लालभडक दाखवला होता आणि तिथे ५० अंशांच्या वर तापमान लिहिलं होतं. त्याच दिवशी बातम्यांत ४० सांगितलं. खरं कोणतं? मला स्वतःला मोजायचं असेल तर कसं मोजू?

उत्तर : दोन्ही खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींची तापमानं आहेत. उपग्रहाला वरून दिसतात छतं, रस्ते, पत्रे, म्हणजे पृष्ठभाग. उन्हाळी दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वरही जातो. बातम्यांतलं तापमान हवेचं असतं, तेही सावलीतल्या हवेचं. तापमापी पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण तुझ्या छातीच्या उंचीवर ठेवतात, म्हणजे ऊन थेट त्याच्यावर पडत नाही आणि हवा मात्र आरपार खेळते. म्हणून उपग्रहाचा आकडा आणि पेटीतला आकडा यांची वजाबाकी करून "शहर दहा अंशांनी तापलं" असं कोणी लिहिलं तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. पृष्ठभागाची तुलना पृष्ठभागाशी आणि हवेची हवेशीच करायची.

मोजायची तुझी कल्पना मला फार आवडली. सारखे दोन तापमापी घे. आधी दोन्ही एकाच खोलीत तासभर शेजारी ठेव आणि त्यांच्यात मुळातच फरक आहे का ते लिहून ठेव. ही पायरी मोठी माणसंसुद्धा विसरतात आणि मग नसलेला फरक सापडल्याचं सांगतात. त्यानंतर वारा पडलेली, चांदण्या दिसणारी रात्र निवड आणि सूर्यास्तानंतर तीन-चार तासांनी एक तापमापी दाट वस्तीच्या रस्त्यावर आणि दुसरा मोठ्या मैदानाच्या मधोमध, एकाच मिनिटाला वाच. भिंतीला टेकवू नकोस, हातात फुग्यापाशी, म्हणजे नळीच्या टोकाच्या गोळ्यापाशी, धरू नकोस. १९२७ साली व्हिएन्नामध्ये विल्हेल्म श्मिट यांनी मोटारगाडीला तापमापी बांधून रात्री सगळं शहर पालथं घातलं होतं. तुझं काम सायकलवर होईल. सोबत घरातलं मोठं कोणीतरी ने, आणि नोंदी मला पाठव. जागेचं वर्णनही लिही : रस्ता किती रुंद, इमारती किती मजली, झाडं आहेत का, वर आकाश किती दिसतं.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या समितीकडे थोडे पैसे शिल्लक आहेत. काहींचं म्हणणं गच्चीला पांढरा रंग द्यावा, काहींचं आवारात फरशी बसवावी म्हणजे धूळ-चिखल जाईल, आणि मी एकटाच झाडं लावू म्हणतो. उकाडा कमी करायचा असेल तर यातलं काय करावं?

उत्तर : फरशी बसवू नका. हे आधी सांगते कारण त्यात झालेली चूक मागे घेणं सगळ्यात अवघड असतं. उघड्या मातीत पाणी मुरतं आणि ते पाणीच पुढे उन्हाळ्यात तुमच्या बाजूनं लढतं.

कसं, ते सांगते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. शाळेत आपण तिला अप्रकट उष्मा म्हणायला शिकलो. वेधशाळेत हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. शेजारी शेजारी दोन तापमापी, एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळलेली, आणि कोरड्या दिवशी तो ओला तापमापी दुसऱ्यापेक्षा दहा-बारा अंशांनीसुद्धा खाली असायचा. जेमतेम बोटभर चिंधीतलं पाणी उडत होतं, बाकी काही नाही. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता शोषतं ती विजेच्या हिशेबात जवळपास ०.७ युनिट भरते. मोठं, पाणी मिळणारं झाड उन्हाळी दिवसात पानांवाटे शंभर लिटर पाणीही हवेत सोडू शकतं. म्हणजे ७० युनिट उष्णता. एक टनाचा एसी वीस तास चालून खोलीतून जेवढी उष्णता उपसतो, तेवढी. आणि एसी ती बाहेर रस्त्यावर ओततो, तर झाडाजवळ ती वाफेत दडून वाऱ्याबरोबर निघून जाते. शहर तापतं यामागे हे कारण फार मोठं आहे. माती झाकली, नाले पुरले, पावसाचं पाणी मिळेल त्या वाटेनं गटारात घालवलं. आता सूर्याची उष्णता खर्ची पडायला ओलावाच उरलेला नाही, त्यामुळे ती सगळी काँक्रीट तापवण्यात जाते.

म्हणून तुमच्या बाजूनं मी आहे, पण दोन अटींवर. पहिली, आवारात जुनं झाड असेल तर नव्या पंचवीस रोपांपेक्षा त्याला जपा. रोपाची सावली मिळायला दहा वर्षं जातात आणि दरम्यान त्यातली कित्येक मरतात. दुसरी, पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायची जबाबदारी नावानिशी वाटून घ्या. पाण्याविना तगून राहिलेलं झाड पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून घेतं. ते सावली देतं, गारवा देत नाही. झाडं बोळाच्या वर अगदी छप्परासारखी मिटतील अशीही लावू नका. रात्री खालची उष्णता आणि गाड्यांचा धूर त्यांच्याखाली कोंडतो.

पांढरी गच्चीही करा, विशेषतः वरच्या मजल्यावरच्या लोकांसाठी. पांढरा लेप नवा असताना पडणाऱ्या उन्हापैकी ८० टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो. नवं डांबर जेमतेम ५ टक्के पाठवतं. धुळीनं हा लेप मळतो, म्हणून उन्हाळा सुरू व्हायच्या आत गच्ची घासून धुवा. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. त्यानंतर २०१३ साली त्या शहरानं उष्णतेशी सामना करायचा आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला, आणि पुढे त्यात कमी खर्चाच्या पांढऱ्या छतांनाही जागा मिळाली. आवारातली जमीन मात्र पांढरी करू नका. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यांना फिकट लेप देऊन बघितला, तेव्हा रस्त्याचा पृष्ठभाग निवला खरा, पण परतलेलं ऊन भर दुपारी चालणाऱ्याच्या अंगावर येऊ लागलं. छतावर कोणी चालत नसतं, तिथून ते आकाशात जातं.

प्रश्न : एसीमुळे शहर आणखी तापतं असं वाचलं. आमच्या घरी लहान बाळ आहे, आम्ही रात्री एसी लावतो. आम्ही चूक करतो आहोत का?

उत्तर : नाही. बाळाला झोप हवी, तुम्हालाही हवी. मनात काही न ठेवता लावा. जे वाचलंत ते मात्र खरं आहे. एसी उष्णता नाहीशी करत नाही. खोलीतली बाहेर नेतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तिच्यात मिसळतो. अमेरिकेतल्या फीनिक्स शहरासाठी संगणकीय प्रतिरूप वापरून २०१४ साली हिशेब मांडला गेला. एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेनं तिथल्या काही भागांत रात्रीची हवा एका अंशाहून जास्त तापते असं त्यात दिसलं. म्हणजे ज्याच्याकडे एसी नाही त्याची रात्र आणखी वाईट होते. या प्रश्नातली हीच बाजू माझ्या मनाला लागते. तुमच्या यंत्राचा बाहेरचा भाग कुणाच्या खिडकीसमोर किंवा कोंदट चौकात फुंकत असेल तर त्याची जागा बदलून घ्या. दिवसा पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा करा. पडदा आतून लावला तर ऊन आधीच काचेतून आत आलेलं असतं, म्हणून आडोसा बाहेरूनच हवा. घरात दुपारी जेवढी उष्णता कमी शिरेल तेवढी रात्री बाहेर ओतावी लागणार नाही.

प्रश्न : तापमापी शहरात, शहरं वाढत चाललेली. मग "पृथ्वी तापते आहे" ही ओरड म्हणजे शहरांतल्या तापमाप्यांचीच करामत नाही का?

उत्तर : नाही. पण प्रश्न गंभीरपणे घ्यायचा आहे, कारण तुम्ही म्हणता तसं एका एका ठिकाणी घडतं. आमच्याच वेधशाळेचं वर लिहिलं आहे. एकट्या तिचा आलेख दाखवून कोणी "बघा जग किती तापलं" म्हटलं असतं तर मी हरकत घेतली असती. जगाचं सरासरी तापमान काढणारे शास्त्रज्ञ हे जाणतात. शहरी केंद्रं आजूबाजूच्या ग्रामीण केंद्रांशी ताडून दुरुस्त करतात. त्याशिवाय एक सुंदर कसोटी २००४ साली ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ डेव्हिड पार्कर यांनी लावली. शहराची उष्णता वाऱ्यानं उडून जाते, हे आपण पाहिलंच. जगाची तापमानवाढ शहरांमुळे दिसत असेल तर ती शांत रात्रींत जास्त आणि वाऱ्याच्या रात्रींत कमी दिसायला हवी. त्यांनी जगभरच्या नोंदी अशा दोन भागांत वाटल्या. वाढ दोन्हींत सारखीच निघाली. शिवाय पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राचा आहे आणि तोही तापतो आहे. समुद्रात शहरं नाहीत.

माणसाच्या दृष्टीनं मात्र या दोन उष्णता वेगळ्या उरत नाहीत. जगाची वाढ शहराच्या स्वतःच्या उष्णतेवर चढते, आणि जगातली निम्म्याहून जास्त माणसं आज शहरांत राहतात.

प्रश्न : शहरामुळे पाऊसही बदलतो का?

उत्तर : बदलतो. तापलेल्या शहरावरची हवा वर उठते, उंच इमारती वाऱ्याला अडवून त्याला वर ढकलतात, धूर आणि धुळीचे कण ढगांच्या थेंबांना आधार देतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसभोवती १९७१ ते १९७५ अशी पाच वर्षं मोठी मोहीम राबवून हे मोजलं गेलं. उन्हाळी पाऊस शहराच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा शहरावरून जिकडे वाहत जातो तिकडच्या भागात, वाढलेला सापडला. या तीन कारणांतलं कोणतं किती भारी पडतं ते मात्र दर शहरात वेगळं असतं.

प्रश्न : मी वास्तुरचना शिकते. शहर बांधतानाच हे टाळता येईल का, की ते तापणारच?

उत्तर : थोडं तापणारच. किती, ते पुष्कळ अंशी तुमच्या हातात आहे, आणि तुमच्यासारखी मुलं हे शिकताना विचारतात याचा मला आनंद होतो.

जर्मनीतल्या स्टुटगार्टचा नकाशा काढून बघा. शहर वाटीसारख्या दरीत आहे आणि वारा कमी. पण रात्री भोवतालच्या डोंगरउतारांवरची हवा लवकर निवते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते. त्या वाटेवर इमारतींची रांग उभी केली की शहराचा रात्रीचा श्वास कोंडला. तिथल्या नगरपालिकेनं १९३८ पासून हवामानतज्ज्ञ नेमले आहेत, या थंड हवेच्या वाटांचे नकाशे केले आहेत आणि त्यांवर बांधकामाला मर्यादा घातल्या आहेत. जागेची तपासणी करताना तुम्ही पाण्याचा उतार बघता ना? तसाच रात्रीच्या हवेचा उतार बघायला शिका.

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये एक ओढा पुरून त्यावर रस्ता आणि वर उड्डाणपूल केला होता. २००३ ते २००५ मध्ये तो सगळा पूल पाडून जवळपास सहा किलोमीटरचा छॉन्गेछॉन ओढा पुन्हा उघडला. काठावरची हवा काही चौक सोडून पलीकडच्या समांतर रस्त्यापेक्षा ३.३ ते ५.९ अंशांनी थंड मोजली गेली. बागेचाही असाच हिशेब आहे. मेक्सिको सिटीतली चापुल्तेपेक ही प्रचंड बाग कडेच्या वस्तीपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असते आणि तिचा गारवा साधारण तिच्या रुंदीएवढ्या अंतरापर्यंत, दोन किलोमीटरभर, पोचतो. लहान बागेचा गारवा कुंपण ओलांडून फार लांब जात नाही. म्हणून एक मोठी बाग दाखवून बाकी शहर काँक्रीटचं करणं मला पटत नाही. चालत पाच मिनिटांवर मोकळी माती आणि झाडं सगळ्यांना मिळायला हवीत.

काचेच्या दर्शनी भिंतींबद्दलही विचार करा. लंडनमध्ये एका उंच इमारतीच्या आत वळलेल्या, अंतर्वक्र काचभिंतीनं २०१३ साली ऊन एका रस्त्यावर एवढं एकवटलं की उभ्या केलेल्या मोटारीचे भाग वितळले. तो टोकाचा प्रकार झाला. पण सपाट काचसुद्धा ऊन समोरच्यांच्या घरात टाकतेच, आणि समोरच्यांना कोणी विचारलेलं नसतं.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते. उन्हाळ्यात मी रोज दुपारी फोन करून "बाहेर पडू नकोस" सांगतो. ती खिडक्या लावून घरात बसते. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : पुरेसं नाही, आणि हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत काही दिवसांच्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांतली पुष्कळ वयस्कर होती, एकटी होती, आणि उन्हात नाही तर आपल्याच घरात, वरच्या मजल्यांवर, बंद खिडक्यांमागे गेली. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये तीन आठवड्यांत जवळपास पंधरा हजार जास्त मृत्यू झाले. त्यातल्या काही दिवशी पॅरिसमध्ये पहाटेचं किमान तापमानसुद्धा २५ अंशांच्या वर राहिलं होतं. दिवसा तापलेलं शरीर रात्री निवतं, हृदयाला थोडी उसंत मिळते. ती उसंतच मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी शरीर कालच्या थकव्यावर नवं ऊन सोसतं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीनंतर माणूस ढासळतो, आणि म्हातारपणी तहान नीट कळत नसल्यानं त्याला स्वतःलाही ते उमगत नाही.

तुमची आई दुपारी खिडक्या लावते ते बरोबर आहे. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की त्या सगळ्या उघडायला हव्यात, समोरासमोरच्या दोन तरी. चोर-चिलटांच्या भीतीनं वयस्कर माणसं त्या रात्री उघडत नाहीत. जाळ्या आणि गज बसवून द्या. हा खर्च एसीच्या आधीचा समजा. घरात एक साधा तापमापी तिच्या पलंगाच्या उंचीवर लावा. हवा ४० अंशांच्या वर गेली असेल तर नुसता पंखा अंगावर घेऊ नये, तो तेव्हा गरम हवाच अंगावर मारतो. अंग ओल्या फडक्यानं पुसत राहावं. माझ्या त्या ओल्या चिंधीच्या तापमापीसारखं आहे हे, पाणी उडतं आणि त्वचा निवते. हवा दमट असेल तर पाणी नीट उडत नाही, तेव्हा तिला दिवसातले दोन-तीन तास कुठल्यातरी थंड जागी नेऊन बसवणारं कोणीतरी हवं. शेजारच्या कुणाशी आजच बोलून ठेवा, लाट आल्यावर नको. ती रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या घेत असेल तर उन्हाळ्यात त्यांचं आणि पाण्याचं प्रमाण काय ठेवायचं, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि फोन दुपारी करता तो करत राहा, पण दुसरा रात्री साडेनऊला करा. "जेवलीस का" नंतर विचारा. आधी तापमापी वाचायला सांगा. मग खिडक्या उघडल्या का विचारा, पाणी किती प्यायली ते विचारा, आणि तिचं बोलणं ऐका. शब्द अडखळत असतील, नेहमीच्या गोष्टी चुकत असतील, अंग कढत आहे म्हणत असेल, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी शेजारच्यांना दार वाजवायला सांगा आणि रुग्णवाहिका बोलवा.